आमचा कर्ण

‘स्वतःला ओळख’ हा उपदेश फार जुना आहे. ग्रीस देशात डेल्फी येथील अपोलोच्या मंदिरावर तो कोरलेला होता, आणि आपल्याकडे उपनिषदांतील ऋषींनी तोच आपल्या परीने सांगितला आहे. उपदेश करणाऱ्यांनी एक अडचण मात्र ऐकणाऱ्याच्या पदरात तशीच टाकली. शेजाऱ्याला ओळखावयाचे झाल्यास आपण त्याच्या ओटीवर जाऊन बसतो, त्याचे बोलणे ऐकतो, चालचलणूक पाहतो. स्वतःच्या ओटीवर पाहुणा म्हणून जाऊन कसे बसावयाचे? येथे पाहणारा तोच, पाहिला जाणाराही तोच. आणि आपण पाहिले जात आहो हे त्याला आधीच ठाऊक! असा साक्षीदार पढवलेलीच साक्ष देणार. म्हणून माणसे आडवाटेने जातात. कोणी पुराणकथेत स्वतःला शोधतो, कोणी मानसशास्त्राच्या ग्रंथांत, कोणी वेदान्तात. आम्ही या तिन्ही वाटांनी थोडथोडे चाललो आहो. आम्ही पंडित नव्हे. बेळगावच्या एका शाळेत तीस वर्षे मराठी शिकविलेले एक निवृत्त मास्तर, एवढीच आमची योग्यता. परंतु या वाटांवर आम्हांस जे भेटले ते वाचकांपुढे मांडावे असे वाटते. कारण ते भेटावयास आम्हांस चाळीस वर्षे लागली, आणि इतका उशीर इतरांना होऊ नये.

आमचा जन्म गोव्यातील डिचोली तालुक्यातला. घराभोवती कुळागर होते. माड, पोफळी, केळी आणि मधून वाहणारा पाट. गावच्या देवीच्या जत्रेला दशावतारी मंडळी येत. १९५७ साल असावे. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता आणि आम्ही दहा वर्षांचे होतो. त्या रात्री कर्णाचे आख्यान लागले. दशावतारात लिहिलेली संहिता नसते हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. कथेचा सांगाडा ठरलेला असतो आणि संवाद नट आपल्या पदरचे बोलतो. त्या रात्रीच्या नटाने आपल्या पदरचे काय ओतले होते कोण जाणे! रंगभूमीवर अर्जुनाला आव्हान देणारा कर्ण, त्याला कुळ विचारताच खाली गेलेली त्याची मान, दुर्योधनाने केलेला अभिषेक, आणि इतक्यात काठी टेकीत आलेला म्हातारा अधिरथ सारथी. अभिषेकाने ओले झालेले मस्तक कर्णाने त्या म्हाताऱ्याच्या पायांवर ठेविले आणि भीम खदखदा हसला. पेट्रोमॅक्सच्या उजेडात आम्ही ढसढसा रडलो. शेजारी बसलेल्या थोरल्या बंधूंना त्याचे कारण कळेना. आम्हांस मात्र ते पक्के कळले होते. हा कर्ण म्हणजे आम्ही!

का, ते सांगतो. दादा आमच्याहून पाच वर्षांनी मोठे. अंगाने धट्टेकट्टे, पोफळीवर झरझर चढणारे. आम्ही लहानपणी तापाने वरचेवर आजारी पडणारे आणि पुस्तकात डोके घालून बसणारे. बाबा सकाळी कुळागरात निघाले की दादांच्या खांद्यावर हात ठेवून जात. तो हात आमच्या खांद्यावर कधी पडला नाही असे नव्हे. परंतु आमच्या आठवणीत तो कधीच पडला नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरावयाचा होता.

दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. पहाटे दहीकाला झाला. आम्ही कर्णाचे दर्शन घ्यावे म्हणून देवळाच्या मागे धावलो. तेथे एक काळासावळा, थकलेला गृहस्थ खोबरेल लावून तोंडावरचा रंग पुसत बसला होता. मुकुट पेटाऱ्यात गेलेला होता. थोड्या वेळाने त्याने तो पेटारा डोक्यावर घेतला आणि मंडळींबरोबर तो पुढच्या गावाची वाट चालू लागला. आम्ही फार हिरमुसलो.

पुढे गोवा मुक्त झाला. १९६५ साली आम्ही कॉलेजसाठी बेळगावास आलो आणि तेथेच नोकरीला लागलो. १९६७ साली शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली, १९७३ साली रणजित देसाई यांची ‘राधेय’ आली. आमच्या पिढीच्या मराठी वाचकाला कर्ण किती जवळचा वाटला, हे त्या पिढीच्या माणसालाच कळेल. गावोगाव बिऱ्हाड करून राहणारे, वडिलांच्या घरापासून तुटलेले, पात्रता असून बाजूला राहिलो असे मानणारे हजारो लोक त्या पुस्तकांवर डोके टेकवून रडले. वर्गात कर्ण शिकविताना आमचा कंठ दाटून येई. मुले म्हणत, सर छान शिकवतात. सर स्वतःलाच शिकवीत होते हे मुलांना कसे कळावे?

बाबा १९७९ साली वारले. शेवटची तीन वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. दोन वर्षांनी वाटणी झाली. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या गोव्याच्या नागरी कायद्यात मुलांचा हिस्सा राखून ठेवलेला असतो. कोणी कोणाला पुरते उघडे पाडू शकत नाही. घर दादांकडे गेले. आमच्या वाट्यास त्याच्या किमतीची भरपाई आणि कुळागराचा पाटाकडील तुकडा आला. हिशेबाने पाहता काडीचाही अन्याय नव्हता. तरी त्या दिवसापासून आम्ही त्या घरी जाणे बंद केले, आणि पुढे चाळीस वर्षे एक कथा सांगत राहिलो. तिच्यात बाबांचा लाडका मुलगा एक होता आणि दूर लोटलेला दुसरा. तिच्यात, वाटणीच्या दिवशी, ज्या घरात आम्ही जन्मलो तेथे आम्हांस पाण्याचा पेलाही कोणी विचारला नाही. ही कथा पत्नीला, मित्रांना आणि आमच्या मुलांना तोंडपाठ झाली होती. दादा २०१९ साली वारले. तेराव्याला आम्ही तासभर जाऊन पाहुण्यासारखे खुर्चीवर बसलो आणि परत आलो.

निवृत्तीनंतर वेळ मोकळा झाला तेव्हा आम्ही एका ग्रंथालयात मानसशास्त्राची पुस्तके चाळू लागलो होतो. तेथे व्हिएन्नाच्या ऑटो रँक यांचे वीरपुरुषांच्या जन्मकथांविषयीचे १९०९ सालचे पुस्तक इंग्रजी भाषांतरात हाती आले. रँक हे फ्रॉईड यांचे शिष्य; पुस्तक लिहिले तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. बाबिलोनियाचा सारगॉन, मोशे, ईडिपस, इराणचा कुरुश, रोमचा रोम्युलस अशा अनेकांच्या कथा त्यांनी एकत्र मांडल्या आहेत, आणि त्या यादीत आमचा कर्णही आहे! थोर आईबाप, जन्माभोवती संकट, पेटीत घालून पाण्यात सोडलेले मूल, हलक्या मानल्या गेलेल्या माणसांनी केलेले पालनपोषण, आणि शेवटी खऱ्या कुळाची ओळख पटून मिळालेला मान. कथेचा हा साचा देशोदेशी का आढळतो? त्या पुस्तकातच फ्रॉईड यांचे एक छोटे प्रकरण आहे. त्यांचे म्हणणे असे की, आपल्याला डावलले जात आहे असे वाटले की मूल मनात एक कादंबरी रचते: हे माझे खरे आईबाप नव्हेत, माझे खरे आईबाप कोणी थोर आहेत. आणि पुढे ते एक हळवी गोष्ट सांगतात. मनातल्या त्या थोर बापाचा चेहरा नीट न्याहाळला तर तो खऱ्या बापाचाच निघतो. लहानपणी जेव्हा बाप जगातला सर्वांत थोर पुरुष वाटत होता, त्या हरवलेल्या दिवसांची ती ओढ असते.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ स्वस्थ बसलो. बाबांवरचा आमचा राग हा बाबांसाठीचा आमचा आक्रोश होता, हे इतक्या वर्षांत प्रथमच जाणवले. परंतु वाचकहो, येथे एक धोका असतो आणि आम्ही त्यात सापडलो. कारण कळले की माणसाला वाटते, सुटलो. ‘आमचे असे का झाले’ हे सांगता येऊ लागले की ‘आम्ही काय केले’ हे सांगण्याची गरज उरत नाही. कर्णाच्या जोडीला आता आम्हांस फ्रॉईडही मिळाले. आमची कथा अधिक विद्वान झाली, एवढेच.

तिला धक्का दिला तो महाभारतानेच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पूर्ण केले. बाराशे एकोणसाठ हस्तलिखिते ताडून पाहून, मागाहून घुसलेला भाग कोणता हे तेथील पंडितांनी निवडले. सुकथनकरांनी या कामास जी शिस्त लावून दिली तिचा लौकिक जगभर झाला. आम्ही ती आवृत्ती उघडली ती अर्थात कर्णासाठी; आणि पहिल्याच शोधात निराश झालो. द्रौपदीने भर स्वयंवरात ‘सूतपुत्राला वरणार नाही’ म्हणून कर्णाला नाकारले, हा जो प्रसंग सांगताना आमचा कंठ सर्वांत अधिक दाटून येई, तो मूळ संहितेत नाहीच. तो मागाहून आलेला म्हणून तळटीपेत गेला आहे. परंतु द्यूतसभेत द्रौपदीला कर्ण जे बोलला ते संहितेत जसेच्या तसे आहे. तिला वेश्या म्हणणारा कर्णच. तिची वस्त्रे काढून घे असे दुःशासनाला सांगणाराही कर्णच. ज्या जखमेवर आम्ही इतके रडलो ती नंतर कोणीतरी जोडलेली, आणि त्याने दुसऱ्याला केलेली जखम मात्र मुळातली! कर्णाच्या चाहत्यांना ही जोडणी का करावीशी वाटली असेल, हे आमच्याइतके कोणाला कळणार? अपमान करणाऱ्याला आधी स्वतःचा अपमान झालेला हवा असतो.

तेथून आम्ही उद्योगपर्वाकडे वळलो. कृष्ण कर्णाला त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो आणि पांडवांकडे बोलावतो. रँक यांच्या यादीतील वीराला याच क्षणाची आस असते: खरे कुळ मिळावे, सिंहासन मिळावे. कर्णाला ते घरबसल्या मिळत होते. तो नको म्हणतो. अधिरथाने मला वाढविले, राधेला माझ्या मायेने पान्हा फुटला, माझे संस्कार त्यांनी केले. हे नाते मी सोन्यासाठी वा भीतीने सोडणार नाही, असे तो सांगतो. म्हणजे आम्ही ज्याला घर नाकारलेला पुरुष समजत होतो, तो आपले घर घट्ट धरून ठेवणारा पुरुष निघाला. आणि त्याच संभाषणात तो आणखी एक गोष्ट बोलून जातो. दुर्योधनाला खूष करण्यासाठी पांडवांना मी जे कडवट बोललो, त्या कृत्याचा आज मला ताप होतो.

ते वाक्य आम्ही पूर्वी वाचले नव्हते काय? वाचले होते. शिकविलेही असेल. परंतु त्या दुपारी ते वाचताना आमच्या डोळ्यांपुढे कुरुसभा आली नाही. आमच्या घराचा सोपा आला. वाटणीचा दिवस. गावची दोन वडीलधारी माणसे बाकावर बसलेली. दादा खांबाला टेकून उभे. वहिनी आतल्या दारात. आणि आमचा स्वतःचा आवाज, चांगला मोठा, स्पष्ट मराठीत: “बाबांच्या उशाशी बसण्याची मजुरी मात्र वहिनींना चांगली मिळाली.”

तीन वर्षे त्या बाईने बाबांचे मलमूत्र काढले होते. आम्ही वर्षातून दोनदा, गणपतीला आणि मे महिन्यात, जात होतो. चाळीस वर्षे सांगितलेल्या आमच्या कथेत हे वाक्य एकदाही आले नव्हते. ते लपविले होते असेही म्हणता येणार नाही. लपविणाऱ्याला लपविलेली वस्तू ठाऊक असते.

कलकत्त्याचे डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण परिषद स्थापन केली. फ्रॉईड यांच्याशी त्यांचा अनेक वर्षे पत्रव्यवहार होता आणि तो केवळ शिष्याचा नव्हता; आपला मतभेद ते स्पष्ट कळवीत. बोस यांचा सिद्धान्त असा की, मनातील प्रत्येक इच्छेच्या पाठीशी तिची उलट इच्छा दडलेली असते. मारण्याच्या इच्छेपाठी मार खाण्याची, मार खाण्याच्या इच्छेपाठी मारण्याची. आम्ही त्यांचा विचार आमच्या प्रकरणास लावून पाहिला. जो माणूस ‘मला बोलले, मला बोलले’ म्हणून आयुष्यभर सांगत फिरतो, त्याच्या पाठीशी बोलणारा कोणी उभा आहे काय, हे एकदा वळून पाहावे. आमच्या पाठीशी तो उभा होता.

आता वेदान्ताविषयी. आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्याचा आरंभ अध्यासाच्या विवेचनाने केला आहे. एकावर दुसऱ्याचे धर्म लादणे म्हणजे अध्यास. बायकामुले सुखात असली की मी सुखी, ती दुःखात असली की मी दुःखी, असे माणूस जे म्हणतो ते याचेच उदाहरण म्हणून आचार्य देतात. हे भाष्य आम्ही तरुणपणी वाचले होते आणि देह व आत्मा यांच्यापलीकडे त्याचा संबंध असेल असे वाटले नव्हते. आचार्यांचा विषय फार उंचावरचा आहे, तो खाली ओढण्याची आमची इच्छा नाही. परंतु खालच्या पायरीवरही ते बोट दाखवितात. दहा वर्षांच्या मुलाने जत्रेच्या रात्री एक मुकुट स्वतःवर लादला आणि पंचाहत्तरीपर्यंत उतरविला नाही, याला दुसरे नाव काय द्यावे? जे दिसते ते पाहणाऱ्याहून वेगळे असते, हा वेदान्ताचा साधा धडा. आपला कर्ण आपल्याला दिसू लागला, म्हणजे आपण कर्ण नव्हे.

मात्र याही वाटेवर एक खड्डा आहे. ‘मी केवळ साक्षी’ असे म्हणून माणूस केलेल्या कर्मावरून अंग झटकू शकतो. साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ (१९२४) आम्ही या दिवसांत पुन्हा वाचले. बुद्धाच्या शिकवणुकीच्या शोधात त्यांनी तरुणपणी गोवा सोडला आणि पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप अशी खडतर भ्रमंती केली. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. शोध एवढा मोठा, तरी ही गोष्ट त्या पुस्तकात झाकून ठेवलेली नाही. कोणा वीराचा मुखवटा न घेता, आपले नैराश्य, आपला दुबळेपणा त्यांनी साध्या मराठीत लिहून काढला आहे. तत्त्वज्ञान माणसाला किती पचले ते त्याच्या तत्त्वचर्चेवरून नव्हे, तर घरच्या माणसांविषयी तो कसा लिहितो यावरून ओळखावे, असे आम्हांस तेव्हा वाटले. आणि आम्ही डिचोलीची बस धरली.

२०२२ सालचा मार्गशीर्ष होता. वहिनी आता शहात्तर वर्षांच्या. सोप्यावर सुपाऱ्या सोलीत बसल्या होत्या. आम्ही खुर्ची घेतली नाही; जमिनीवर बसलो. मनात जुळविलेली वाक्ये बरीच होती, कर्णाचाही उल्लेख त्यांत होता. प्रत्यक्षात एवढेच बोललो की, वाटणीच्या दिवशी आम्ही जे बोललो ते नीच होते, आणि ते आठवावयासही आम्हांस चाळीस वर्षे लागली. वहिनींचा हात थांबला नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “तीं उतरां हांव विसरूंक ना. पूण त्या दिसा खतखतें केल्लें, आनी तुमी जेविनासतना गेले. तेंय हांव विसरूंक ना.”

खतखते! म्हणजे त्या दिवशी त्या घरात आमच्यासाठी स्वयंपाक झाला होता. आमच्या आवडीचा. पाण्याचा पेलाही कोणी विचारला नाही, हे आमच्या कथेतील सर्वांत करुण वाक्य. आमच्या श्रोत्यांनी त्यावर किती वेळा सुस्कारे सोडले होते! ते वाक्य मूळ संहितेत नव्हते. ते आम्ही मागाहून जोडलेले.

वहिनींनी क्षमा केली असे आम्ही लिहिणार नाही, कारण तसा शब्द त्यांनी उच्चारला नाही. शब्द विसरले नाही असेच त्या म्हणाल्या, आणि ते खरेच असणार. मग त्या उठल्या आणि आत जाऊन त्यांनी पाने वाढली. दादांची तसबीर समोरच्या भिंतीवर होती. त्यांना जे सांगावयाचे होते ते राहिले, आणि आता ते राहिलेच. कोणत्याही शास्त्रात त्यावर उपाय नाही.

आमचे तरुण वाचक विचारतील, मग पुराणे वाचावीत की नाही? अवश्य वाचावीत. कर्ण नसता तर आमच्या दुःखाला तोंडच मिळाले नसते. केवळ एवढे करावे की, ज्या पात्रासाठी आपले डोळे भरून येतात त्याची कथा शेवटपर्यंत वाचावी, त्याने काय सोसले याबरोबर त्याने काय केले आणि त्याला कशाचा ताप झाला हेही वाचावे. आमच्या तीस वर्षांच्या विद्यार्थ्यांना आम्ही हे सांगितले नाही. त्यांतील कोणाच्या हाती हे पान पडले तर त्यांनी ही दुरुस्ती लिहून घ्यावी.

जेवून उठल्यावर आम्ही पाटाकडे गेलो. पोफळींखाली गारवा होता. देवळामागे बसून तोंडावरचा रंग पुसणारा तो नट आम्हांस आठवला. रात्रभर त्याने कर्ण केला, आणि सकाळी पेटारा डोक्यावर घेऊन तो चालू लागला. त्या दिवशी आम्ही हिरमुसलो होतो. आता वाटते, त्याच्यापाशी थोडे खोबरेल मागून घ्यावयास हवे होते.